गोदाच्या लग्नाची फाईल

आधीच सांगून टाकतो, या सदरात लोक जे अनुभव लिहितात त्यांच्यावर खदाखदा हसणाऱ्यांतला मी आहे. मळ्यात दिसलेली पांढरी बाई, अमावास्येला मागून आलेली हाक... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं आणि म्हणायचं, "बघ, ह्यांना कामधंदे नाहीत." मी कॉम्प्युटरवाला माणूस. माझ्या धंद्यात एक तर वायर सैल असते, नाहीतर माणसानं माती खाल्लेली असते. तिसरं कारण मी आजवर पाहिलं नव्हतं. आता तेच लिहायला बसलोय, आणि खरं सांगू का, भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय. भीती आठ दिवसांत गेली. लाज काही जाईना.

मी बदनापूरला राहतो, सकाळच्या गाडीनं जालन्याला जातो. तिथं माझं छोटं दुकान आहे. दवाखाने, बियाण्यांची ऑफिसं, शाळा, सगळ्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचे. कुंभार पिंपळगावला बळीरामदादांचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, बाजाराच्या रस्त्यावर, किराणा दुकानाच्या वर. दादा पन्नाशीचे, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं त्यांनीच शूट केलेली. मला ते चारचौघांत 'सर' म्हणतात आणि चिडले की 'इंजिनिअर साहेब'.

त्यांच्या मशीनवर मी विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं होतं आणि सगळी लग्नं एका लॉजिकल व्हॉल्यूममध्ये ठेवली होती. लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे डिस्कवर आखलेलं एक कोठार समजा. डिस्क म्हातारी झाली की नवी जोडायची आणि अख्खं कोठार उचलून तिच्यावर न्यायचं. आतल्या फाईलींना पत्ताही लागत नाही. ही माझी आवडती बढाई होती. "दादा, घर बदललं तरी देव्हाऱ्यातली समई हलणार नाही, असं काम आहे आपलं," असं मी त्यांना ऐकवायचो. (काय ती मिजास!)

गेल्या वर्षी जुनी डिस्क कुरकुरायला लागली. दादांनी नवी, भलीमोठी डिस्क मागवली, ती नेमकी खंडेनवमीच्या तोंडावर आली. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचं औत, सुताराचा रंधा, तसे दादांचे कॅमेरे, लाइटी, मशीन, सगळं झेंडूच्या माळा घालून मांडायचं. नवी डिस्क पूजेत बसलीच पाहिजे, असा दादांचा हट्ट. इथपर्यंत ठीक. पण पुढं म्हणाले, "अन् सर, रिकामी न्हाई बसवायची. रिकामं भांडं पूजेला ठेवतो का आपण? भरून द्या."

म्हणजे नवमीच्या सकाळपर्यंत सगळं कोठार हलवायचं! मी आदल्या दिवशी दुपारी पोचलो, नवी डिस्क जोडली आणि मशीननं सरळ नकार दिला. म्हणालं, दोन्ही डिस्कच्या ब्लॉकचं माप वेगळं आहे, एकत्र घेणार नाही.

हे माप काय ते साध्या भाषेत सांगतो. डिस्क डेटा सुटा देत नाही, ठरलेल्या मापानं देते-घेते. जुनी डिस्क वाटीनं मोजणारी, नवी पायलीनं. जुन्या कोठारातला सगळा हिशोब वाट्यांचा. नव्या डिस्कला वाटीभर मागितलं तर ती म्हणणार, माझ्याकडे वाटीच नाही, पायलीखाली मी मोजत नाही. म्हणून मशीन आधीच हात आडवा घालतं.

मी काय केलं? इंटरनेटवर शोधलं. एकानं लिहिलं होतं की अमुक सेटिंग बदला, मग मशीन कुरकुर करत नाही. बदललं. मशीन गप्प झालं. आणि मी खूश! घर पडतंय म्हणून ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला आणि म्हटलं, बघा, कशी शांतता झाली.

रातभर डेटा हलत राहिला. सकाळी काम पूर्ण. कोठार उघडून बघावं, एवढी साधी अक्कल होती मला, पण वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या आणि दादा म्हणत होते, "बंद करा ना सर, मुहूर्त चाललाय!" मी मशीन बंद केलं. जुनी डिस्क काढून हातात घेतली, तेव्हा वर शहाणपण सुचलं. म्हटलं, "वहिनी, हिलाही ठेवा पूजेत. इतकी वर्षं चाकरी केली हिनं." वहिनींना फार आवडलं ते. हळद, कुंकू, अक्षता... दादांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी भक्तिभावानं सगळ्यांवर शिंपडलं. जुनी डिस्क उताणी, तिची हिरवी सर्किटची पाटी वर. सगळ्यात जास्त प्रसाद तिलाच मिळाला.

दसरा झाला, सोनं लुटून झालं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर कोठार उघडेना. 'फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड', म्हणजे हे मला जमत नाही, एवढं एकच उत्तर. घाबरून जुनी डिस्क जोडली. चट्ट असा आवाज, जळका वास, खेळ खलास.

दादा माझ्यावर ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सर, लोकांची लग्नं हायेत त्याच्यात." ओरडले असते तर परवडलं असतं.

पुढचे दिवस मी जालना ते पिंपळगाव नुसता येरझाऱ्या घालत होतो. जे जे वाचलं ते ते करून पाहिलं. पुण्यात माझा एक मित्र हेच काम मोठ्या कंपन्यांत करतो. त्याला विचारावं असं रोज वाटायचं, आणि रोज वाटायचं, कोणत्या तोंडानं विचारू? सेटिंग बदललं म्हटलं की तो हसणार. दुसऱ्यांची लग्नं बुडाली तरी चालतील, पण आपल्याला कोणी हसू नये... अशी माणसाची जात.

आणि बाजाराच्या दिवशी गोदावरी आली.

गोदा जवळच्याच एका वस्तीवरची लेक. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, हसनाबादला दिली. तिचे वडील, आबा, पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारे, आता थोडी शेती आणि दहा-बारा मेंढ्या. श्रावणात आबा शेतात बसल्या जागी गेले. लेकीची पहिली दिवाळीसुद्धा त्यांना दिसली नाही. ती आता माहेरी आली होती आणि आईला घेऊन स्टुडिओत आली. हातात बाजाराची पिशवी, अंगावर साधीच साडी. दादांनी तिला दसऱ्यानंतर यायला सांगितलेलं. या भानगडीत तिला 'येऊ नकोस' म्हणून कळवायचं राहून गेलं.

"दादा, मला समदं लग्न नको," ती म्हणाली. "पाठवणीचं तेवढं द्या. आबा माझ्या कानात कायतरी बोलले व्हते. बँजो वाजून राह्यला व्हता, मी रडून राह्यले व्हते, मला काईच ऐकू आलं न्हाई. नंतर इचारू म्हणलं... तर ऱ्हाऊन गेलं."

दादा खाली बघत म्हणाले, "आबांचा दुसरा कुठं आवाज असंल की. मोबाईलमधी?"

"डब्बा मोबाईल व्हता त्यांचा. फोटो हाये ओ, आधार कार्डावरचा बी हाये. आवाज न्हाई."

तिची आई भिंतीशी बसून माझ्याकडे बघत होती. सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं, डिस्क बदलताना माझ्याकडून गडबड झाली, आता उघडत नाही.

"उघडत न्हाई म्हंजी? गेलं?"

"...बहुतेक."

"माझ्यासमोर करा एकदा," ती म्हणाली.

मी केलं. काळा स्क्रीन, त्यावर मी टाइप केलेली ओळ आणि खाली तेच उत्तर. तिला इंग्रजी कळलं असेल-नसेल, पण माझं तोंड तिला वाचता आलं. ती उठून उभी राहिली. गालफडं लाल झालेली. "सर," म्हणाली, "तुम्ही... तुम्हाला..."

आणि स्पीकर बोलला.

टेबलावर एडिटिंगचे दोन काळे स्पीकर असतात, वायर थेट मशीनमध्ये. त्यांतून आधी खर्रखर्र झालं आणि मग माणसाचा आवाज. म्हातारा, जरा घोगरा, घाई नसलेला. दाराला टेकून बोलावं तसा.

"गोदे... त्या पोराला बोलू नकू काई. चुकून झालं त्याच्या हातून. जाऊ दे."

बस. एवढंच.

मी पहिलं पाहिलं ते गोदाच्या आईकडे. तिनं झटकन पदर डोक्यावर ओढून घेतला. नवरा अचानक घरात आला की बाई घेते तसा. त्यानंतर तिच्या तोंडून "अगं माय..." एवढंच आलं. गोदा मटकन खाली बसली. "आबा... आबाच! आई, आबाच हायेत गं!" रडत होती, हसत होती, आईला गदागदा हलवत होती. आणि बळीरामदादांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा नाकावरून घसरला. "चाललं! सर, चाललं की!"

मी स्क्रीनकडे बघत होतो. तीच ओळ. तेच उत्तर. व्हिडिओ लावायचा प्रोग्रॅम उघडलेला नव्हता. कोठार उघडलेलं नव्हतं. काहीही चालत नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना, की बाबांनो, हे मी केलेलं नाही? तोंड उघडलंसुद्धा. पण गोदा डोळे पुसत म्हणाली, "जेवणाच्या पंगतीतलं हाये ते. वाढप्यानं माझ्या शालूवर वरण सांडलं व्हतं, मी लई चिडले व्हते. तवाच बोलले असतील आबा." सगळ्यांना पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. मी 'हो' म्हणालो नाही, पण 'नाही'ही म्हणालो नाही.

दादा तसेच जिना उतरून गेले आणि बाजारातून टोपी, टॉवेल, नारळ घेऊन आले. आमच्याकडे माणसाचा मान करायचा तर हेच. टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर घातला. गोदाची आई हात जोडून म्हणाली, "बाप्पा, तुमच्या हाताला यश हाये." मी मान खाली घालून बसलो. त्यांना वाटलं, सर लाजले. लाजलोच होतो! फक्त का ते मलाच ठाऊक होतं.

"मंग पाठवणीचं बी निघंल ना, सर?" गोदानं विचारलं.

"निघेल," मी म्हणालो.

टोपी पिशवीत कोंबून घरी आलो आणि पुण्याच्या मित्राला फोन लावला. सेटिंग बदललं, पूजा केली, नारळाचं पाणी, सगळं सांगितलं. फक्त आवाजाचं नाही. तो हसला, हसायचाच. मग म्हणाला, "अरे येड्या, डेटा कुठं गेलाय? बाइट न् बाइट तिथंच आहे. जुनीसारखी लहान ब्लॉकच्या मापाची डिस्क आण, कोठार जसंच्या तसं तिच्यावर उतरव, उघडेल." म्हणजे मी आठवडाभर ज्याला मेलं समजत होतो ते जिवंत होतं, आणि एक फोन करायला मला लाज वाटत होती म्हणून एक पोरगी बापाला दुसऱ्यांदा गमावणार होती. मी विचारलं, "पण आत्ताच्या डिस्कवर असताना त्यातली एखादी फाईल... आपोआप वाजेल का?"

"वाजेल कशी? उघडतच नाही तर वाजेल कशी?" तो म्हणाला. "झोप तू."

लहान मापाची डिस्क आणली. कोठार उतरवलं. पहिल्या फटक्यात उघडलं. सगळी लग्नं जागच्या जागी. दादांनी लगेच फोन उचलला.

गोदाला निरोप गेला. मायलेकी पुन्हा आल्या. या खेपेला घरून शेंगदाण्याचे लाडू आणले होते, माझ्यासाठी. आम्ही चौघांनी पडदे ओढून लग्न पाहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आबा होते. पण कॅमेरा वळला की तेही वळायचे, असा तो माणूस. मांडवाच्या खांबाआड, पाहुण्यांच्या मागं, पाठमोरे. बोलताना एकदाही नाहीत. पंगत आली. वाढप्यानं वरण सांडलं, गोदा चिडली, ते सगळं होतं. पण वाढप्याला झापत होता तिचा चुलता, आणि "जाऊ द्या ओ" म्हणणारी होती एक जाडजूड मावशी. आबा तिथं नव्हतेच. त्या वेळी ते बाहेर टँकरवाल्याकडे उभे होते. दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसतात, पाठमोरे.

"मागं घ्या जरा," गोदा म्हणाली. मागं घेतलं. पुढं घेतलं. दुसऱ्या कॅमेऱ्याचं पाहिलं. बळीरामदादांना आपल्या कानांचा अभिमान आहे. ते हळूच म्हणाले, "सर, त्या दिवशी आवाजामागं काईच नव्हतं. भांडी नव्हती, गर्दी नव्हती. लग्नात असा आवाज मला सापडतच न्हाई. तो ह्या रेकॉर्डिंगचा न्हाई."

मग पाठवणी आली. आबा पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे तोंड करून. लेकीचं डोकं छातीशी धरलेलं. तोंड तिच्या कानाशी. ओठ हलतात. चांगले बराच वेळ हलतात, दोन-चार वाक्यं असतील. आणि वरून बँजो. नुसता बँजो! कसलंतरी नाचाचं गाणं.

"पुन्यांदा," गोदा म्हणाली.

पुन्हा लावलं. पुन्हा. मी आवाज गाळायची जेवढी सॉफ्टवेअरं माहीत होती तेवढी लावली. बँजो कमी केला तर आबाही कमी व्हायचे. दादा घामाघूम. शेवटी मी हात काढून घेतला.

मग गोदाची आई बोलली. आम्हाला उद्देशून नाही, आपल्याशीच. "मंग ते त्या दिसाचं... कोणत्या पोराला बोलू नकू म्हणले ते?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. गोदानं मात्र सरळ पाहिलं. माझं वय पस्तीस, दोन लेकरांचा बाप. पण आबांच्या वयाच्या माणसाला मी पोरगाच की.

"त्या दिवशी मी तुम्हाला लई बोलणार व्हते, सर," ती सावकाश म्हणाली. "पार तोंडाशी आल्तं."

मला तिच्याकडे बघवेना. मी हात जोडून एवढंच म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी काहीच काढलं नव्हतं. ते मशीन बंदच होतं म्हणा. टोपी घालून घेतली, ते चुकलं माझं."

"कळलं," ती म्हणाली. मग, "आबाचं आसंच व्हतं. घरच्यांच्या आधी दुसऱ्याचं लेकरू." लाडवाचा डबा माझ्यापुढं सरकवून ती उठली.

दादा म्हणतात, खाली बाजारातल्या कोणाच्या भोंग्याचा आवाज वायरीत शिरला असेल. आणि म्हणून झाल्यावर स्वतःच मान हलवतात, कारण त्या भोंग्याला गोदाचं नाव कोण सांगेल? मित्राला शेवटी सगळं सांगितलं. तो या वेळी हसला नाही. मशीनच्या सगळ्या नोंदी त्यानं तपासल्या. त्या वेळेला माझ्या फसलेल्या कमांडशिवाय काही नाही. चौघांनी ऐकलंय. चौघांनाही शब्द न् शब्द पाठ आहे. कारण कुणालाच माहीत नाही, आणि इथं कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

पण खरं सांगू? ते कसं झालं, याच्यानं माझी झोप उडत नाही. उडते ती दुसऱ्याच गोष्टीनं. ती पोरगी बापाचा शब्द ऐकायला आली होती. बापाला एकदाच बोलायला मिळालं. कानात काय सांगितलं होतं ते तो सांगू शकला असता. नांदायचं कसं ते, माहेराला कधी ये ते, काहीही. आणि त्यानं ती संधी माझ्यासारख्या सेटिंग बदलणाऱ्या शहाण्यावर खर्च केली.

गोदाचा महिन्या-दोन महिन्यांनी हसनाबादहून फोन येतो. "सर, नवीन कायतरी निघालं आसंल ना आवाज साफ करायचं? बघा ना एकदा." मी बघतो. सापडत नाही. सांगताना माझी जीभ जड होते, आणि ती म्हणते, "आसू द्या, सर. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

आजतागायत ती मला एका शब्दानं बोललेली नाही. बापानं सांगितलंय ना.